जुनी तिकिटं, पावत्या, पासपोर्ट: कात्री लावायच्या आधी आणि नंतर

सातारा-सांगलीकडच्या घरातली जुनी ट्रंक उघडली की प्रवासाचे कागद निघतातच, आणि घर कुठल्या भागातलं हे त्या कागदांवरूनच निम्मं कळतं. पाटण-जावळीकडचं असेल तर माथाडी कामासाठी मुंबई गाठलेल्या आजोबांचा लोकलचा पास आणि रात्रीच्या एसटीची तिकिटं. विटा-आटपाडीकडचं असेल तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेल्या माणसांची रेल्वेची तिकिटं, त्यातल्या काहींवर तमिळ नाहीतर मल्याळम अक्षरं. फौजीचं घर असेल तर रजेचे कागद. आणि बहुतेकांकडे महाबळेश्वरच्या नाक्यावरची पावती, वासोट्याला जाताना बामणोलीत घेतलेली बोटीची चिठ्ठी, आनेवाडी-तासवड्याच्या टोलच्या पावत्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलच्या त्या चिठ्ठ्याही घरात यायच्या थांबल्या.

हे कागद टाकवत नाहीत आणि नुसते ठेवून त्यांचं काही होतही नाही. त्यांच्यापासून घरात दिसतील, हाताळता येतील अशा वस्तू कशा करायच्या ते पुढे सांगते. माझा हट्ट एकच: मूळ कागद अख्खा राहिला पाहिजे. कापायची, चिकटवायची, शिवायची ती नक्कल.

पहिलं काम: ज्याला हात लावायचा नाही ते बाजूला काढा

मुदत संपलेला पासपोर्ट हा आपला कागद वाटतो, पण १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. नवा काढताना जुना रद्द करून परत देतात, तो जपायला. त्याची पानं फाडून कोलाज करायचं असलं काही डोक्यात असेल तर सोडून द्या. व्यवहाराचीही बाजू आहे. जुन्या पासपोर्टात एखाद्या देशाचा व्हिसा अजून चालू असू शकतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असाच जुन्या पुस्तिकेत राहतो आणि नव्या पासपोर्टासोबत ती जुनी पुस्तिका दाखवून चालतो. हाताने लिहिलेले पासपोर्ट तर २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय प्रवासाला चालेनासे झाले. शाईच्या अक्षरातला, चिकटवलेल्या फोटोचा असा पासपोर्ट घरात असेल तर तो आहे तसाच ठेवण्याजोगा आहे.

आफ्रिकेला नोकरीनिमित्त गेलेल्यांकडे पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड असतं. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली तरी ते बाद समजू नका. जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. फौजीच्या घरातलं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनला लागणारे कागद यांनाही हात लावायचा नाही. ही सगळी थप्पी वेगळ्या पाकिटात घाला, वर नाव घाला आणि कपाटात ठेवून मोकळे व्हा.

दुसरं काम: उडणारी शाई ओळखा

उरलेल्यात दोन जाती असतात. कंडक्टरच्या मशीनमधून निघणारं एसटीचं तिकीट, विमानतळावर मिळणारा बोर्डिंग पास, पेट्रोल पंपाची पावती हे बहुतेक थर्मल कागदावर असतं. यात शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि उष्णता लागली की तो काळा पडतो. त्यामुळे ऊन, प्लॅस्टिकचं पाकीट, हाताचं तेल, गोंद यांपैकी काहीही लागलं तरी अक्षर पुसट होत जातं. ओळखायचं कसं? कोऱ्या कडेवर नखाने जोरात एक रेघ ओढा. काळसर रेघ उमटली की थर्मल.

अशा कागदाचं लॅमिनेशन कधीही करू नका. लॅमिनेशनच्या तापल्या रोलरमधून तो अख्खा काळा होऊन बाहेर येतो. दुकानदार दर वेळी सांगेलच असं नाही.

दुसरी जात टिकाऊ. कंडक्टर चिमट्याने भोक पाडून द्यायचा ती एसटीची जुनी छापील तिकिटं आणि रेल्वेचं पुठ्ठ्याचं छोटं तिकीट. हे पुठ्ठ्याचं तिकीट घरात सापडलं तर नशीबच म्हणायचं, कारण उतरल्यावर टीसी ते गेटवर काढून घ्यायचा. मिरजहून पंढरपूर-कुर्डुवाडीला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी नॅरोगेज मार्गावरचं एखादं जुनं तिकीट वारकऱ्याच्या घरात निघालं, तर त्यावर छापखान्याची शाई आणि दाबून उमटवलेली तारीख असते. ती सहसा उडत नाही. मात्र कागद हलका असला की तपकिरी पडतो आणि घडीवर तुटतो, म्हणून घड्या उलगडून सपाट ठेवायचा.

थर्मल कागदांचं काम त्याच आठवड्यात उरका. बाकीचे थांबू शकतात.

स्कॅन: मोबाइल चालतो, पण

तिकीट लहान असतं, म्हणून स्कॅन ६०० डीपीआयला करा. मोठ्या कागदाला ३०० पुरतं. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून देतात, पण आपण सांगितलं नाही तर बहुतेकदा कमी दर्जाची पीडीएफ हातात पडते. "सहाशेवर, कलरमध्ये, जेपीजी करून पेन ड्राइव्हला द्या" असं स्पष्ट सांगा. काळं-पांढरं तिकीटसुद्धा कलरमध्येच स्कॅन करा. पुसट झालेल्या थर्मल तिकिटातली अक्षरं रंगीत स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून पुष्कळदा परत वाचता येतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती कायमची गेलेली असतात. मागची बाजूही स्कॅन करा. मागे कुणीतरी हिशोब मांडलेला असतो, फोन नंबर लिहिलेला असतो, आणि घरच्यांना पुढच्या छापील मजकुरापेक्षा त्यातच जास्त रस असतो.

मोबाइलवर काढायचा असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, तिकिटावर बरोबर वरून. खाली गडद कापड घ्या म्हणजे कडा नीट दिसतात.

फाइलला नाव देताना आधी साल: "१९८४-पाटण-मुंबई-एसटी". साल नक्की नसेल तर अंदाज लिहून पुढे "सुमारे" घाला. बोर्डिंग पासवरच्या दाट ठिपक्या-रेघांच्या चौकोनात प्रवाशाचं नाव आणि पीएनआर असतो. तो चौकोन झाकल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका. परतीचं तिकीट बाकी असेल तर मुळीच नको. पासपोर्टाची नक्कल वापरायची असेल तर नंबर आणि शेवटच्या पानावरचा पत्ता झाका, आणि छापताना मापही मूळ आकारापेक्षा लहान किंवा मोठं घ्या.

चिठ्ठी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

नुसतं तिकीट दहा वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. ज्याचं ते आहे तो माणूस घरात असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. "प्रवास कसा झाला?" असं विचारलं तर "बरा झाला" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गाडीत कुठे बसला होता? सोबत काय काय होतं? पैसे कुणी दिले? स्टँडवर सोडायला कोण आलं होतं? मग माणूस बोलायला लागतो.

चिठ्ठी चार ओळींपेक्षा मोठी नको. साधारण अशी:

"पाटण ते मुंबई सेंट्रल, रात्रीची गाडी. अण्णा पहिल्यांदा कामाला निघाले तेव्हाचं. सोबत वळकटी आणि नाचणीच्या पिठाची पिशवी. तिकिटाचे पैसे आत्याने दिले होते, ते दिवाळीला परत केले."

"एक अविस्मरणीय प्रवास" असल्या ओळी लिहू नका. त्या कुठल्याही तिकिटाखाली खपतात. मूळ कागदाच्या मागे लिहायचंच असेल तर शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. थर्मल कागदावर काहीच लिहू नका, वेगळी चिठ्ठी सोबत ठेवा.

घडीचं पुस्तक: सगळ्यात करण्याजोगी वस्तू

बाजारातल्या तयार स्क्रॅपबुकांपेक्षा मला हे आवडतं. उघडलं की टेबलावर लांबच लांब उभं राहतं, मिटलं की हातात मावतं, आणि एका घराण्याचा प्रवास एका पट्टीत बसतो.

सामान: २२ बाय २८ इंची कार्डशीट (२२० ते २५० जीएसएम, फार जाड नको), कव्हरला पुठ्ठा, खणाचं कापड किंवा जुन्या नऊवारीचा तुकडा, अर्धा मीटर नाडी, फेव्हिकॉल, स्टीलची पट्टी, कटर. साताऱ्यात खण आळी आहे आणि सांगलीत कापड पेठ, त्यामुळे कापडासाठी लांब जावं लागत नाही. तरी घरातल्याच कुणाच्या लुगड्याचा काठ मिळाला तर दुकानाची पायरी चढू नका.

आधी शीटचा कल बघा. शीट हलकेच उभी वाकवा, मग आडवी वाकवा. ज्या बाजूने सहज वाकते त्याच दिशेच्या घड्या साफ पडतात. उलट दिशेची घडी फुटते, कडेला पांढरे तंतू दिसतात. घड्या २२ इंची बाजूला समांतर चांगल्या पडत असतील तर २८ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापा. दर चार इंचावर रिकाम्या रिफिलीने पट्टीच्या आधाराने रेघ दाबा आणि एक घडी पुढे, एक मागे अशा घड्या घाला. एका पट्टीत सात कप्पे होतात.

आता दुसऱ्या पट्टीचा एक कप्पा कापून टाका. उरलेल्या सहांपैकी पहिला कप्पा पहिल्या पट्टीच्या शेवटच्या कप्प्यावर चिकटवा. जोडताना घड्यांची पुढे-मागे चाल तुटणार नाही एवढं बघा. एकूण बारा कप्पे झाले. कप्पे समसंख्येतच हवेत. तेरा ठेवले तर मिटल्यावर एक कव्हर मागच्या बाजूला येतं आणि दुसरं थेट मजकुराच्या बाजूवर, म्हणजे शेवटचं पान झाकलं जातं. बारा असले की दोन्ही कव्हरं पाठीवर बसतात आणि बाराही कप्पे वापरायला मिळतात. कल उलटा निघाला तर २२ इंची पट्ट्या घ्या: एकीत पाच कप्पे आणि दोन इंच वाया, अशा तीन जोडल्या की तेरा होतात, त्यातला टोकाचा एक काढायचा.

कव्हरसाठी पुठ्ठ्याचे सव्वाचार बाय सव्वासहा इंचाचे दोन तुकडे घ्या. कापड चारी बाजूंनी इंचभर जास्त, म्हणजे सव्वासहा बाय सव्वाआठ. खण विरळ असेल तर फेव्हिकॉल आरपार येऊन डाग पडतो, म्हणून त्याला आतून आधी पातळ कागद चिकटवून वाळवून घ्या. मग पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवा, कापड मधून कडांकडे तळव्याने सपाट करत न्या. चारी कोपरे तिरके कापा, पण अगदी पुठ्ठ्याला टेकवून नाही; पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट जागा सोडा, नाहीतर टोकाला पुठ्ठा उघडा पडतो. आधी लांब बाजू दुमडा, मग आखूड. मागच्या कव्हराच्या आत नाडी आडवी चिकटवा, दोन्ही टोकं सारखी बाहेर ठेवा, आणि त्यावर शेवटचा कप्पा बसवा. पहिला कप्पा पुढच्या कव्हराला. मध्ये बटर पेपर घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

कप्प्यांत लावायच्या नकला लेझर प्रिंटरवर, १२० ते १७० जीएसएमच्या मॅट कागदावर काढा. घरच्या शाईवाल्या प्रिंटरचे रंग उजेडात लवकर उतरतात. लावताना गोंदापेक्षा कागदी कोपरे बरे: जुन्या पांढऱ्या पाकिटाचे कोपरे कापले की तयार खिसे मिळतात, त्यात नकलेची टोकं अडकवायची. चिकटवायचंच असेल तर मैद्याची खळ करा. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर गाळून घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वहीबांधणीवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. इथे घालू नका, त्यातल्या तांब्याने कागद कालांतराने खराब होतो आणि ते विषारीही आहे. सेलोटेप कुठेही नको. काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि चिकटा मागे ठेवते.

बारा कप्पे म्हणजे बारा तिकिटं असं धरू नका. सहा-सातच घ्या, शेजारच्या कप्प्यात चिठ्ठी येऊ द्या. पन्नासातून सात निवडताना घरात वाद होतात, ते होऊ द्यावेत.

पांगलेल्या घराचा नकाशा

गलाईवाल्यांच्या घरांसाठी याहून चांगली भिंतीवरची वस्तू मला सुचत नाही. एक भाऊ कोईमतूरला, चुलते त्रिशूरला, मेहुणे कोलकात्याला, आणि गावच्या जत्रेला सगळे विट्यात. भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या. सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा छापून देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. तो मोठ्या आकारात छापून फोमबोर्डवर चिकटवा, गावावर आणि प्रत्येक शहरावर टाचणी लावा आणि दोरा ओढा. दर पिढीला वेगळा रंग ठेवा: आजोबांचा लाल, वडिलांचा हिरवा, नातवंडांचा निळा. प्रत्येक टाचणीशेजारी त्या मार्गाच्या तिकिटाची नक्कल लहान करून लावा. विमानाचं तिकीट फक्त निळ्या दोऱ्याशेजारी येतं, हे पाहुण्यांना न सांगताच दिसतं.

गोधडीत

ही कल्पना विचित्र वाटते, पण लेकीला नाहीतर नातवाला द्यायला फार छान. तिकिटांच्या नकला कापडावर छापून घ्यायच्या आणि तेच चौकोन गोधडीत ठिगळांसारखे शिवायचे. टी-शर्ट छापणाऱ्यांकडे हे काम होतं, फक्त कापड सुती आहे हे आधी सांगा. मगवर फोटो छापतात ती सब्लिमेशनची पद्धत पॉलिएस्टरवर चालते, सुती कापडावर तो रंग धरत नाही. सुतीसाठी ट्रान्स्फर किंवा डीटीएफ छपाई लागते. चौकोन पाच-सहा इंचांचे घ्या, शिवणीला चारी बाजूंनी अर्धा इंच सोडा. छाप्यावरून टाके घालू नका, सुईच्या भोकांतून तो तडकतो; कडेने धावदोरा घाला. गार पाण्यात उलटी करून धुवायची आणि छाप्यावर थेट इस्त्री फिरवायची नाही.

फ्रेम, रुखवत, निरोप समारंभ

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावा. काच आणि कागद यांत माउंट हवा, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. आणि फ्रेममध्ये नक्कलच जाणार. जावळीकडच्या किंवा महाबळेश्वरच्या पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते. त्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेमच्या पाठीमागे बुरशी धरते, म्हणून आतली भिंत निवडा.

एसटीतून निवृत्त होणाऱ्या चालक-वाहकाला शाल-श्रीफळासोबत द्यायला त्याच्या मार्गावरच्या तिकिटांची फ्रेम करा. मध्ये मार्गावरच्या थांब्यांची नावं क्रमाने, भोवती वेगवेगळ्या काळातली तिकिटं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. माणूस जूनमध्ये निवृत्त होत असेल तर ही तारीख खाली टाकायला सापडते. रुखवतात ठेवायला नवरा-नवरीच्या दोन्ही गावांकडची तिकिटं एका फ्रेममध्ये घालतात तेही बरं दिसतं, पण त्यात चेष्टेच्या ओळी जरा बेतानेच.

रेझिनचे कोस्टर सध्या जोरात आहेत. मी सुचवणार नाही. रेझिन घट्ट होताना तापतं, थर्मल तिकीट त्यात काळवंडतं आणि साधा कागद तेल प्यायल्यासारखा पारदर्शक होतो. हौस असेलच तर लेझर नकलेला दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन पूर्ण वाळवा, मगच ओता.

मूळ कागद कुठे ठेवायचे

वास मारणारं मऊ प्लॅस्टिक टाळा. ते पीव्हीसी असतं आणि कागदाला चिकटून अक्षर उचलतं. पॉलिएस्टरच्या पारदर्शक ओएचपी (प्रोजेक्टरच्या) शीटचे दोन तुकडे तीन बाजूंनी शिवून घेतले की चांगला खिसा होतो. थर्मल कागद मात्र साध्या कागदी पाकिटात, अंधारात ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा संपला की बदला. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, वेगळ्या कापडी पुरचुंडीत.

सांगलीत, कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी डबा खालच्या मजल्यावर ठेवूच नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लोखंडी ट्रंकेत पाणी शिरतं. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, वरच्या मजल्यावर, आणि स्कॅनची एक प्रत बाहेरगावच्या नातेवाइकाकडे, एवढी तजवीज मे महिन्यातच करा.

तरीही कागद भिजले तर थप्पीतले कागद ओढून सुटे करू नका, ओला कागद फाटतो. उन्हात टाकू नका, इस्त्री नको, ड्रायर नको. सुटे असतील ते पांढऱ्या कोऱ्या कागदावर किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यावर, सावलीत, पंख्याखाली पसरा आणि खालचं कापड बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई लागते. पुराच्या दिवसांत एवढं करायला सवड आणि जागा नसेल तर अख्खी थप्पी प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत घालून चालू असलेल्या कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि शाईही पसरायची थांबते. घर धुऊन झालं, लाइट आली की थोडे थोडे कागद बाहेर काढा, वितळू द्या आणि वरच्याप्रमाणे वाळवा. पासपोर्ट असेल तर दर चार-पाच पानांमध्ये कोरा कागद घालून उभा उघडा ठेवा. शिक्क्यांच्या शाईवर बोट फिरवू नका.